'एक मारान्यावकर स्त्री'

ब्राझीलच्या ईशान्येला, मारान्याव प्रांताच्या साव लुईस शहरात १८५९ साली 'उर्सुला' ही कादंबरी छापली गेली. शीर्षकपानावर छापखान्याचे नाव आहे, साल आहे. लेखिकेच्या जागी मात्र 'एक मारान्यावकर स्त्री' एवढेच छापले आहे. ही स्त्री म्हणजे मारिया फिर्मिना दोस रेइस, गिमाराइस गावची कृष्णवर्णीय शिक्षिका. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपायला तेव्हा अजून २९ वर्षे होती.

तिच्या आयुष्याचे कागद थोडे आहेत, आणि ते एकमेकांशी सहज जुळत नाहीत. बाप्तिस्म्याची नोंद २१ डिसेंबर १८२५ ची. तीत आईचे नाव आहे: लेओनोर फेलिपा, काएतानो जोझे तेशेइरा या धनिकाची पूर्वीची गुलाम, नंतर मुक्त झालेली. बापाचे नाव नाही. तिचे जन्मसालही बराच काळ १८२५ धरले जाई. पुढे प्रांताच्या पुराभिलेखागारात १८४७ चे एक प्रकरण सापडले. गिमाराइसच्या शिक्षिकापदाच्या परीक्षेला बसायचे तर वयाची २५ वर्षे पुरी हवी होती. म्हणून तिने आपली जन्मतारीख शाबीत करून घेतली: ११ मार्च १८२२. आजारपणामुळे बाप्तिस्मा लांबला, असे कारण दिले. आज हीच तारीख मानतात. मलाही ती ग्राह्य वाटते, पण कागद कशासाठी तयार झाला हे विसरून चालणार नाही. १८२५ साल धरले तर तिला परीक्षेलाच बसता आले नसते. तिच्या बाजूने एवढे नक्की म्हणता येते, की बाप्तिस्म्याचा दिवस म्हणजे जन्माचा दिवस नव्हे.

परीक्षेत ती पहिली आली आणि तिची नेमणूक झाली. नेमणुकीचे पत्र घ्यायला तिने मेण्यातून जावे असे घरच्यांना वाटत होते, पण गुलामांच्या खांद्यावर बसायला तिने नकार दिला आणि ती पायी गेली, अशी आठवण सांगतात. ही तोंडी परंपरा आहे. तिचे वजन मी नोंदवहीइतके धरत नाही, पण तिच्या लेखनाशी ती विसंगत नाही.

'उर्सुला'चे मुख्य कथानक त्या काळच्या चालीचे आहे: प्रेम, दुष्ट काका, खून, वेड. मला महत्त्वाची वाटते ती सुझाना. आफ्रिकेत पकडली गेलेली ही म्हातारी गुलाम स्त्री आपले शेत, नवरा, लहान मुलगी आणि नंतर जहाजाच्या तळातला तो प्रवास स्वतःच्या तोंडाने सांगते. तरुण गुलाम तुलिओ मुक्ती मिळाल्याच्या आनंदात असतो. आफ्रिकेत आपण भोगलेले स्वातंत्र्य सुझाना त्याच्यासमोर ठेवते, तेव्हा त्याची मुक्ती किती तोकडी आहे हे वाचकाला दिसते. सरकारी दप्तरात अशी बाई संख्या किंवा किंमत म्हणून यायची. इथे ती साक्षीदार आहे. कास्त्रो आल्वेस या कवीची गुलामांच्या जहाजावरची प्रसिद्ध कविता यानंतर नऊ वर्षांनी, १८६८ साली लिहिली गेली.

१८८७ साली आलेली 'गुलाम स्त्री' ही तिची कथा अधिक थेट आहे. तीत जुआनाचा बाप साठवलेली सगळी पुंजी देऊन लेकीची सुटका विकत घेतो. मालक एका कागदावर काहीतरी खरडून देतो आणि हेच मुक्तिपत्र म्हणून सांगतो. बापाला वाचता येत नसते. कागद खोटा होता हे कळते तेव्हा जुआना पुन्हा गुलाम होते. पुढे तिचे जुळे मुलगे विकले जातात. तिचा उरलेला मुलगा गाब्रिएल सुटतो तोही कागदानेच, पण तो कागद गुलामगिरीविरोधी संस्थेत काम करणाऱ्या एका स्त्रीने रीतसर करून घेतलेला असतो. स्वतःचे वय कागदाने सिद्ध करावे लागलेल्या, आणि ३४ वर्षे मुलांना अक्षरओळख करून दिलेल्या शिक्षिकेनेच हा प्रसंग लिहावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. १८८० साली तिने मासारिको इथे मुलामुलींची एकत्र शाळाही काढली होती.

११ नोव्हेंबर १९१७ रोजी ती गिमाराइसमध्ये वारली. कादंबरी तोवर विस्मृतीत गेली होती. १९६२ साली ओरासिओ दे आल्मेइदा या अभ्यासकाने रिओत जुन्या पुस्तकांचा एक गठ्ठा घेतला, त्यात 'उर्सुला'ची प्रत निघाली. साक्रामेंतो ब्लाके यांच्या चरित्रकोशाच्या मदतीने त्यांनी लेखिकेचे नाव शोधून काढले आणि १९७५ साली मूळ प्रतीची जशीच्या तशी आवृत्ती निघाली. त्याच वर्षी नासिमेंतो मोराइस फिल्यो यांनी साव लुईसच्या जुन्या वर्तमानपत्रांतून वेचलेले तिचे लेखन आणि तिच्या रोजनिशीची पाने ग्रंथरूपाने आणली.

तिचे एकही छायाचित्र उपलब्ध नाही. साव लुईसमधला तिचा पुतळा ज्यांनी तिला पाहिले होते त्यांच्या वर्णनांवरून घडवलेला आहे. तिची म्हणून अनेक वर्षे छापली गेलेली तसबीर मारिया बेनेदिता बोर्मान या दक्षिण ब्राझीलच्या गोऱ्या लेखिकेची आहे. ती पुस्तकांतून काढून टाकली पाहिजे. मुक्त झालेल्या गुलाम आईच्या या लेकीची ओळख गोऱ्या चेहऱ्याने झाकणे हा तिच्यावर अन्याय आहे.