न पाहण्यासाठी जपलेली चित्रं

अमेरिकेतल्या बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाला १९२१ साली विल्यम आणि जॉन स्पॉल्डिंग या भावांनी सहा हजारांहून जास्त जपानी छापचित्रं भेट दिली. हारुनोबू, उतामारो, होकुसाई, हिरोशिगे अशी लाकडी ठोकळ्यांवरून छापलेल्या चित्रांच्या परंपरेतली मोठमोठी नावं त्यात होती. देणगीला अट मात्र एक होती: ही चित्रं प्रदर्शनात कधीही लावायची नाहीत. अभ्यासकाने यावं, खणातून काढून पाहावं आणि पुन्हा खणात ठेवावं.

एरवी संग्राहक जमवतो तेच मुळी चार लोकांना दाखवायला. पण हे भाऊ विक्षिप्त नव्हते. ते पक्के रंगपारखी होते आणि उजेड या चित्रांचं काय करतो हे त्यांना ठाऊक होतं. अठराव्या शतकातल्या जपानी छापचित्रांत वापरला जाणारा एक नाजूक निळा ‘त्सुयुकुसा’ या रानफुलापासून काढत. आपल्याकडे पावसाळ्यात बांधाबांधावर उगवणारा आणि भाजीत पडणारा केना याच कुळातला. हा निळा पाण्याने फिसकटतो आणि उजेडाने विटून मातकट पिवळा होतो. गुलाबी-लाल रंग यायचा करडईच्या पाकळ्यांतून. तोही तितकाच अल्पायुषी. दोन्ही मिसळून केलेला जांभळा तर सगळ्यांत आधी जातो. त्यामुळे हारुनोबूची बहुतेक चित्रं आज आपल्याला तपकिरी-करड्या छटांत दिसतात, आणि त्यांच्या त्या ‘संयत’ रंगसंगतीचं कौतुक करणारे रसिक खरं तर विटण्याचंच कौतुक करत असतात. स्पॉल्डिंग संग्रहातले कागद पाहिले की हारुनोबूचा जांभळा किती भडक, किती ताजा होता ते कळतं.

ही चित्रं टिकावीत म्हणून कुणी काढलीच नव्हती. १७६५च्या सुमारास एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, हौशी मंडळींनी सचित्र दिनदर्शिका छापून घेण्याची चढाओढ लावली. त्यातून अनेक रंगांचं छापचित्र रूढ झालं. चित्रकार रेखाटन करी, कोरक्या ते रानचेरीच्या फळीवर उलटं चिकटवून रेघ न् रेघ कोरी, छापणारा बांबूच्या सालीत गुंडाळलेली चकती कागदाच्या पाठीवर घासून रंग उतरवी. प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा लागे. ठोकळ्याच्या कोपऱ्यात कोरलेल्या खाचेत कागद टेकवला की दहावा रंगही बरोबर जागेवर बसे. भांडवल आणि जोखीम असे ती प्रकाशकाची. चित्रकार बहुधा त्याच्या नोकरासारखाच. एकोणिसाव्या शतकात असं रंगीत चित्र शेवयांच्या एक-दोन वाडग्यांच्या किमतीत मिळे. नट, गणिका, पैलवान, प्रवासातली ठिकाणं असे त्याचे विषय. लोक ती दारावर, पडद्यावर चिकटवत आणि फाटली की फेकून देत.

ती ‘कला’ ठरली पॅरिसमध्ये. १८५६ साली ब्राकमाँ या कोरीवकाम करणाऱ्या चित्रकाराला एका छापखान्यात होकुसाईच्या रेखाटनांची वही सापडली, असं सांगतात. कथेत मीठमसाला बराच असावा. हायाशी तादामासाची गोष्ट मात्र हिशेबाच्या वह्यांतली आहे. १८७८च्या पॅरिस प्रदर्शनासाठी दुभाषा म्हणून आलेला हा तरुण तिथेच राहिला, व्यापारी झाला, आणि १८९० ते १९०१ या काळात त्याने दीड लाखांहून जास्त छापचित्रं मागवली. उत्तम प्रतींवर तो आपला छोटा तांबडा शिक्का उमटवी. चित्रावर शिक्का मारणं म्हणजे एरवी खराबीच. पण हायाशीचा शिक्का दिसला की आज खरेदीदाराचे डोळे चमकतात.

व्हॅन गॉगकडे पैसे नव्हते, तरी १८८६-८७च्या हिवाळ्यात त्याने झिगफ्रीड बिंग या व्यापाऱ्याच्या माळ्यावरून ६६०च्या आसपास चित्रं उचलली. विकून चार पैसे मिळतील हा हिशेब होता. एका कॅफेत त्याने त्यांचं प्रदर्शनही मांडलं, पण हा धंदा फसला. मग ती त्याने भिंतीवर टाचली, हाताळली, हिरोशिगेच्या दोन चित्रांच्या तैलरंगात नकला केल्या. ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात त्याच्या संग्रहातली पाचशेहून जास्त चित्रं आहेत आणि त्यांतल्या काहींवर टाचण्यांची भोकं, डाग, फाटलेल्या कडा अजून दिसतात. संग्राहकाच्या दृष्टीने हा कचराच. पण युरोपच्या चित्रकलेला या वापरलेल्या कागदांनी दिलं ते कपाटातल्या कोऱ्या करकरीत प्रतींनी दिलेलं नाही.

स्पॉल्डिंग बंधूंची बरीचशी चित्रं जमवणारा माणूसही साधा दलाल नव्हता. वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट १९०५ साली प्रथम जपानला गेला आणि या चित्रांच्या नादी लागला. घरं बांधण्यापेक्षा चित्रांच्या खरेदी-विक्रीतून त्याला कधीकधी जास्त पैसा मिळे. १९१३ साली स्पॉल्डिंगांचे पैसे घेऊन त्याने टोकियोत सव्वा लाख डॉलरच्या आसपास खरेदी केली. तुम्हाला काय द्यायचं आणि मी काय ठेवायचं ते मीच ठरवीन, असा त्याचा करार होता, आणि भावांनी तो मान्यही केला! पुढे त्याच्याकडून गेलेल्या काही चित्रांचे विटलेले रंग नव्याने चढवलेले निघाले, आणि त्याला नाराज गिऱ्हाइकांची भरपाई करावी लागली. तो स्वतः फसला होता की त्याने काणाडोळा केला, यावर अजून वाद होतात.

तेव्हापासून जाणकार आधी रंगावर नाही, रेघेवर नजर टाकतात. होकुसाईची १८३१च्या सुमारासची ‘महालाट’ घ्या. तिच्या हजारो प्रती छापल्या गेल्या असाव्यात. ठोकळा झिजत गेला तशी डाव्या कोपऱ्यातल्या शीर्षकाच्या चौकटीची रेघ तुटत गेली. ती सलग असेल तर प्रत आधीची. आकाशातला फिकट गुलाबी ढग उशिराच्या प्रतींत जवळपास दिसतच नाही. लाट मात्र निळी राहिली, कारण तिच्यात युरोपातून आलेला प्रशियन निळा आहे; तो त्सुयुकुसाच्या निळ्यासारखा विटत नाही. मार्च २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एका चांगल्या प्रतीला साडेसत्तावीस लाख डॉलरहून जास्त किंमत आली.

पॅरिसच्या आन्री वेव्हर या जवाहिऱ्याचा सुमारे आठ हजार चित्रांचा संग्रह १९२०च्या सुमारास जहाजबांधणीतला धनाढ्य मात्सुकाता कोजिरो याने विकत घेऊन जपानला परत नेला. पुढे त्याचा उद्योग बुडाला, पण हा संग्रह फुटला नाही. तो आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिथल्या दालनातली छापचित्रं मंद उजेडात लावतात आणि दर काही आठवड्यांनी उतरवून त्या जागी दुसरी टांगतात.