बक्षिसी आणि सेवाशुल्क : ग्राहकाची मर्जी कुठे, कामगाराचा हक्क कुठे?

जयपूरमधील राजा पार्क हा उपाहारगृहे आणि खाद्यपदार्थांच्या दुकानांनी गजबजलेला भाग. देशातील अन्य शहरांप्रमाणे येथेही बिलासोबत आलेल्या बडीशेपेच्या ताटलीत वेटरसाठी पैसे ठेवण्याची रीत आहे. ही बक्षिसी, अर्थात टिप, पूर्णतः ऐच्छिक असून तिचा दर कोणत्याही कायद्याने ठरवलेला नाही.

सेवाशुल्क मात्र वेगळे. ते बिलात आकारले जाते आणि आधी मालकाकडे जमा होते. त्यातील किती रक्कम कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचते, हे ग्राहकाला कळत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना जारी करून हे शुल्क बिलात आपोआप लावण्यास मनाई केली. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना वैध ठरवल्या. सक्ती झाल्यास ग्राहकाला १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

ग्राहकाने कार्डाने दिलेली बक्षिसी हॉटेलने कर्मचाऱ्यांना वाटली, तरी प्राप्तिकराच्या दृष्टीने ती वेतन ठरत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला.

घरपोच सेवा देणाऱ्यांना अ‍ॅपमधूनही बक्षिसी देता येते. तथापि, तिच्यावर आजारपण किंवा अपघाताचा खर्च भागत नाही. त्यामुळेच राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांची नोंदणी आणि कल्याण निधी यांसाठी देशातील पहिला कायदा केला. प्रत्येक व्यवहारामागे कंपन्यांकडून शुल्क घेऊन हा निधी उभारण्याची तरतूद त्यात आहे. बक्षिसी ही ग्राहकाची मर्जी. सामाजिक सुरक्षा हा कामगाराचा हक्क, हे या कायद्यामागचे सूत्र आहे.