बकाय लेक

बकाय लेक : अमेरिकेच्या ओहायओ राज्यातील सरोवर व त्याच्या काठचे छोटे गाव. आज ते सहलीचे ठिकाण म्हणून परिचित असले, तरी त्याची जडणघडण कालव्याने केली आहे. ओहायओ-ईरी कालव्याच्या खोदकामाला ४ जुलै १८२५ रोजी जवळच्या लिकिंग समिट येथे प्रारंभ झाला. हा भाग जलविभाजकावर असल्याने, जलपाशांतून नावा उतरवताना खर्ची पडणारे पाणी साठवून ठेवणे भाग होते. त्यासाठी दलदलीला मातीचा बांध घालून १८३० च्या सुमारास जलाशय तयार झाला. पाणी चढताच दलदलीतील शेवाळाचा जाड थर तळापासून सुटून तरंगू लागला; क्रॅनबेरीची झुडपे असलेले ते बेट अद्याप टिकून आहे.

कालव्याची वाहतूक थंडावल्यावर १८९४ मध्ये जलाशयाला सध्याचे नाव मिळाले. पुढे विद्युत् रेल्वे व करमणूक उद्यानामुळे गर्दी वाढली. त्यामुळे वस्तीचे श्रेय पर्यटनाला द्यावे, असा आक्षेप घेता येईल. गर्दी पर्यटनाने आणली हे खरे. पण लोकांनी घरे बांधली ती कालव्याच्याच बांधावर. ग्रामपालिका १९८० मध्ये स्थापन झाली, तरी त्या बांधाची जोखीम कायम होती. घरांच्या पायांमुळे व धक्क्यांमुळे बांध कमकुवत झाल्याचा इशारा लष्करी अभियंत्यांनी २०१५ मध्ये दिला, तेव्हा पाणीपातळी उतरवावी लागली आणि गावचा व्यवसाय बसला. नवे धरण २०१८ मध्ये पुरे झाले. कालवा बंद पडला, तरी त्याच्या बांधाची देखभाल ही गावाच्या अस्तित्वाची अट राहिली, हेच यातून सिद्ध होते.