पाकीट, बटवा आणि जकातीचे कोष्टक

आमच्या ज्ञातिबांधवांपैकी ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या आरी आणि रापी चालली, त्यांस पाकीट ही काय वस्तू आहे हे सांगावयास नको. परंतु तेच पाकीट परदेशच्या बंदरावर उतरले म्हणजे त्याचे कूळ कोणते, असा प्रश्न जकातघरात उत्पन्न होतो. आणि त्याच्या उत्तरावर तेथील व्यापाऱ्याने द्यावयाची जकात, अर्थात आपल्या कारागिरास मिळणारा भावही, अवलंबून राहतो.

पूर्वी राष्ट्रागणिक कोष्टक निराळे असे. आपल्याकडे १९३४ चा टॅरिफ कायदा होता. राष्ट्रसंघाच्या काळी एकच नामावली करण्याचे यत्न झाले. १९५० साली ब्रुसेल्स येथे करार होऊन तेथील नामावली १९५९ पासून अमलात आली. तिच्या जागी आलेल्या ‘हार्मोनाइज्ड सिस्टिम’चा करार १९८३ चा. तिचा जगभर अंमल १ जानेवारी १९८८ पासून झाला. भारताने मात्र २८ फेब्रुवारी १९८६ पासूनच आपले कोष्टक तिच्या बरहुकूम केले होते.

या नामावलीत ४२०२ या शीर्षाखाली ट्रंका, हातपिशव्या इत्यादींसमवेत ‘सामान्यतः खिशात किंवा हातपिशवीत बाळगावयाच्या वस्तू’ असा एक पोटवर्ग आहे. पैशांचे पाकीट, किल्ल्यांचे व चष्म्याचे घर, तंबाखूची पिशवी ही त्यातली मंडळी. बाह्यांग चामड्याचे असेल तर ४२०२३१, प्लास्टिकच्या तावाचे वा कापडाचे असेल तर ४२०२३२ आणि अन्य असल्यास ४२०२३९. येथे अस्तर विचारात घेत नाहीत, बाहेरचे अंग पाहतात. आपल्याकडची पानसुपारीची कापडी चंची आमच्या मते मधल्या घरात बसावी. तपकिरीची डबी चांदीची असेल तर मात्र ती हे प्रकरणच सोडून ७१ व्या प्रकरणात, दागिन्यांच्या पंगतीस जाते; चांदीच्या जपमाळेसही तेथेच पाट मांडलेला आहे! तपकीर ओढणाऱ्या आमच्या आजोबांस हे कळते तर ते खचितच हसले असते.

हा वाद केवळ शब्दांचा नव्हे. अमेरिकेत ऑटर प्रॉडक्ट्स या कंपनीने आणलेली भ्रमणध्वनीची प्लास्टिकची कवचे तेथील जकातखात्याने ४२०२ मध्ये घातली व २० टक्के जकात लावली. कंपनीचे म्हणणे असे की, ही प्लास्टिकची इतर वस्तू, शीर्ष ३९२६, जकात ५.३ टक्के. एकाच मालावर जवळजवळ चौपट अंतर! २०१५ साली न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला आणि २०१६ साली अपिलातही तोच कायम झाला. ४२०२ मधील पात्राची लक्षणे चार धरली गेली: वस्तू नीट लावणे, साठविणे, रक्षिणे आणि वाहून नेणे. पैसे खर्चावयाचे तर ते पाकिटातून बाहेर काढावे लागतात. फोन मात्र कवचात असतानाच खुशाल वापरता येतो, तेव्हा तो त्यात साठविला असे म्हणता येत नाही, असे न्यायालयास वाटले.