पायावरची सूज आणि दंडाचा पट्टा



माझ्या माहेरी गरोदर बाईच्या पायावर सूज दिसली की आजी म्हणायची, "पाणी उतरलंय, बाळंत झाली की ओसरेल." बहुतेकींची ओसरायचीच. म्हणून तर जिची सूज वेगळी असायची, तिच्याकडे वेळेवर लक्ष जायचं नाही.

गरोदरपणात किंवा बाळंतपणात येणाऱ्या झटक्यांना डॉक्टर एक्लॅम्पसिया म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ लख्खकन चमकणं. विजेसारखं हे दुखणं अवचित कोसळतं, अशीच समजूत होती. आपल्याकडे तर बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावत.

१८४३ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या डॉ. जॉन लिव्हर यांनी झटके आलेल्या बायकांची लघवी तापवून पाहिली. पांढरा साका धरला. म्हणजे लघवीतून प्रथिनं जात होती. किती साधी गोष्ट! पुढे १८९६ मध्ये इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांनी दंडाला बांधायचा पट्टा काढला आणि रक्तदाब सहज मोजता येऊ लागला. मग कळलं की झटक्यांच्या आधी बहुतेक वेळा रक्तदाब चढलेला असतो. वीज सांगून येत होती, ऐकणारं कुणी नव्हतं.

तरीही डॉक्टरला बोलवायचं ते कळा अडल्यावरच. एडिंबरोमध्ये डॉ. बॅलेंटाइन यांच्या आग्रहाने १९०१ मध्ये प्रसूती रुग्णालयात गरोदर बाईच्या उपचारांसाठी खाट राखली गेली. एकच खाट! १९२९ मध्ये ब्रिटनने तपासण्यांचं वेळापत्रकच ठरवलं: १६, २४, २८ वा आठवडा, मग ३६ व्यापर्यंत पंधरवड्याने, पुढे दर आठवड्याला. आपल्या डॉक्टरीणबाई शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला का बोलावतात, त्याचं मूळ तिथे आहे.

पाचव्या महिन्यानंतर चेहऱ्यावर, हातांवर अचानक सूज, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, बरगडीखाली दुखणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी फोन करायचा, रात्र असली तरी. रक्तदाब १४०/९० किंवा वर गेला तरीही. (पर्युषणात डोकं दुखलं की आपण "उपवासाचं पित्त" म्हणून मोकळ्या होतो. गरोदर सुनेच्या बाबतीत असं म्हणू नका.) रक्तस्राव, पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं यांनाही थांबायचं नाही. झटका आला तर लगेच १०८.

यावरचं औषध मॅग्नेशियम सल्फेट, स्वस्त आणि जुनं. २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजारांवर स्त्रियांवरच्या अभ्यासात त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. पण ते रुग्णालयातच देतात, तिथवर पोचायला हवं.

आणि हो, हे झटके बाळंत झाल्यावरही येऊ शकतात. बाळंतिणीचं डोकं दुखत असेल तर शेकशेगडी बाजूला ठेवून आधी रक्तदाब मोजून घ्या.