जंतूंचा वैरी

श्रोतेहो, देऊळगाव राजाच्या बालाजीच्या यात्रेला तुम्ही गेला असाल. पूर्वी कुठलीही मोठी यात्रा म्हटली की पटकीची धास्ती असायची.

१८९६ साली आग्र्याच्या हँकिनसाहेबांनी लिहून ठेवले, की गंगा-यमुनेच्या गाळलेल्या पाण्यात पटकीचे जंतू तीन तासांच्या आत मरतात. पाणी उकळले की तो गुण जातो. (म्हणून नदीचे पाणी न उकळता प्यावे असे नव्हे बरं का! त्यात इतर घाणही असते.) कारण काही उमगेना. पुढे १९१७ साली पॅरिसला द'एरेल यांना जंतूच्या पोटात शिरून, तिथेच वाढून त्याला फोडणारा अतिसूक्ष्म विषाणू सापडला. तोच बॅक्टेरियोफाज. हँकिनच्या पाण्यातही तोच असावा, असा पुष्कळांचा तर्क आहे.

१९२५ साली द'एरेल यांनी इजिप्तमध्ये प्लेगच्या चार रोग्यांच्या गाठींत फाज टोचला. चौघेही बरे झाले. मग मुंबईला परळच्या हाफकिन संस्थेत त्यांना बोलावणे आले. आसामात तर खेड्यांतून पटकीवरच्या फाजच्या कुप्या वाटल्या गेल्या. पण साथ आपोआपही ओसरते. श्रेय कोणाचे, हे पक्के ठरले नाही.

तेवढ्यात पेनिसिलिन आले. एक औषध, अनेक जंतू! फाज मात्र ठरावीक जंतूलाच धरतो. तो मागे पडला. जॉर्जियात तिबिलीसीला मात्र टिकला.

आता कित्येक जंतू अशा औषधांना दाद देत नाहीत. २०१६ साली अमेरिकेत टॉम पॅटरसन हे प्राध्यापक मरणाच्या दारातून फाजमुळे परतले. अजून हे सरसकट औषध नाही. आधी रोग्याचा जंतू तपासायचा, मग त्यालाच लागू पडणारा फाज हुडकायचा, तोही बहुधा गटाराच्या पाण्यात.