रविवारची वाटणी



हबीबगंज स्थानकावरची पाटी बदलल्याला आता काही वर्षे लोटली. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी स्थानकाच्या नव्या वास्तूचे उद्घाटन झाले आणि त्याला गोंड राणी कमलापती हिचे नाव मिळाले. वस्तीला मात्र लोक अजूनही हबीबगंजच म्हणतात. भोपाळला स्त्रीच्या नावाचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. १८१९ पासून १९२६ पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, या संस्थानाचा कारभार चार बेगमांनी पाहिला. राज्य चालविण्याचा स्त्रीचा अधिकार या शहराने शंभर वर्षे मान्य केला. परंतु याच शहरात एका संध्याकाळचे चार ते सहा हे दोन तास मुलींना मिळावयाचे, तर ते किती अवघड असते, याचा अनुभव मला स्वतःला आहे. आणि त्या अनुभवात दोष माझाच होता.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील शाळांच्या फुटबॉल स्पर्धेचे वेळापत्रक आखण्याचे काम माझ्याकडे आले. मुलांचा अंतिम सामना चार वाजता ठेवावयाचा हे ठरलेलेच होते. दुपारी ऊन फार, सहानंतर उजेड नाही, पाहुण्यांची सोय चार वाजताचीच. मुलींचा अंतिम सामनाही त्याच दिवशी उरकावयाचा होता. शेजारी दुसरे मैदान मोकळे होते. मी तेथे चारच वाजता मुलींचा सामना लावला आणि एका दिवसात दोन कामे उरकली म्हणून स्वतःवर खूश झालो. फळ्यावर कागद लागला तेव्हा मुलींच्या संघाची गोलरक्षक माझ्याकडे आली. “सर, आमची फायनल बघायला कोण येणार?” एवढेच तिने विचारले. मी म्हणालो, “येतील की!” कोणी आले नाही. पाहुणे, मुख्याध्यापक, बँड, सारी शाळा मुलांच्या मैदानावर. इतकेच काय, मुलींच्या सामन्याला नेमलेल्या दोन रेषापंचांपैकी एकजण मध्यंतरानंतर तिकडे निघून गेला. मी स्वतःही मुलांच्याच मैदानावर उभा होतो.

त्या दिवसापासून मी सामन्यांची वेळापत्रके जरा निराळ्या नजरेने पाहू लागलो. स्त्रियांच्या फुटबॉलचा इतिहास वाचू लागलो तेव्हा ध्यानी आले की, हा इतिहास जितका गोलांचा आहे तितकाच मैदानाचा, वाराचा आणि वेळेचा आहे. मुलींना खेळता येते की नाही, हा प्रश्न फार लवकर सुटला. त्यांनी कोठे आणि केव्हा खेळावयाचे, हा प्रश्न मात्र शंभर वर्षे रेंगाळला.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील पुरुष आघाडीवर गेले आणि कारखान्यांत स्त्रिया आल्या. प्रेस्टन येथील डिक, कर या कारखान्यातील कामगार स्त्रियांनी फुटबॉलचा संघ काढला. धर्मादाय कामासाठी पैसा उभा करणे हा त्यांचा हेतू. १९२० च्या नाताळच्या सुटीत लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सामना झाला, तेव्हा ५३,००० प्रेक्षक आत होते आणि जागा न मिळाल्यामुळे हजारो लोक बाहेरून परतले. यानंतर वर्षही उलटले नाही तोच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठराव केला की, हा खेळ स्त्रियांना योग्य नव्हे आणि संघटनेच्या सभासद क्लबांनी त्यांना आपली मैदाने देऊ नयेत. या ठरावातली मेख लक्षात घेण्याजोगी आहे. स्त्रियांना खेळण्याची बंदी संघटनेला करता येत नव्हती. तिने फक्त मैदान काढून घेतले. मैदान गेले तशी बैठक गेली, बैठक गेली तसे तिकीट गेले, तिकिटाबरोबर वर्तमानपत्रातला मजकूरही गेला. ही स्थिती सुमारे पन्नास वर्षे टिकली. जर्मनीच्या संघटनेने १९५५ ते १९७० अशीच बंदी घातली होती. ब्राझीलमध्ये तर १९४१ साली सरकारी हुकूमच निघाला आणि तो १९७९ पर्यंत चालला.

आपल्याकडे अशी लेखी बंदी घालण्याची वेळच आली नाही, कारण खेळच उशिरा सुरू झाला. भारतीय महिला फुटबॉल महासंघ १९७५ साली स्थापन झाला. पाचच वर्षांत, १९८० च्या जानेवारीत, आशियाई महिला स्पर्धा कालिकत येथे भरली आणि भारतीय मुली उपविजेत्या ठरल्या. १९८३ साली बँकॉकला त्या पुन्हा उपविजेत्या झाल्या. आज हे सांगितले तर वर्गातील मुलांना खरे वाटत नाही. आशियातील दुसऱ्या क्रमांकाचा संघ आपला होता, आणि त्याची आठवण घराघरांत उरली नाही. त्याच १९८३ साली लॉर्ड्सवर जिंकलेला क्रिकेटचा विश्वचषक मात्र ज्याला त्याला तोंडपाठ आहे.

जागतिक संघटनेची स्त्रियांसाठीची पहिली विश्वस्पर्धा १९९१ साली चीनमध्ये झाली. तिचे सामने नव्वद मिनिटांचे नव्हते, ऐंशी मिनिटांचे होते. म्हणजे स्त्रियांना जागा मिळाली खरी, पण दहा मिनिटे कापून मिळाली. पुढे तीही मिळाली. मग उरला वाराचा प्रश्न.

७ जुलै २०१९ हा दिवस या बाबतीत प्रसिद्ध झाला. त्या रविवारी फ्रान्समधील लियाँ येथे महिला विश्वचषकाचा अंतिम सामना होता. अमेरिकेने नेदरलँड्सचा २–० असा पराभव केला. त्याच दिवशी रिओ दि जानेरोला दक्षिण अमेरिकेच्या पुरुषांच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता, आणि त्याच दिवशी शिकागोला उत्तर व मध्य अमेरिकेच्या पुरुषांच्या स्पर्धेचाही. चार वर्षांतून एकदा येणारा स्त्रियांचा सर्वांत मोठा सामना, आणि त्या दिवशी त्याला दोन वाटेकरी! सामन्यांचे तास तंतोतंत एकावर एक येत नव्हते, हे खरे. परंतु दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राचे क्रीडापृष्ठ एकच असते. अमेरिकेच्या संघातील मेगन रॅपिनो हिने सामन्याआधीच या योजनेवर उघड टीका केली. पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम दिवशी दुसरा मोठा अंतिम सामना कोणी ठेवील काय, हा प्रश्न साधा होता आणि त्याचे उत्तरही साधेच होते.

हे परदेशातले झाले. आता आपल्या महाराष्ट्रातील एका मैदानाकडे पाहू या. नवी मुंबईत नेरुळ येथील डी. वाय. पाटील मैदानावर चार वर्षांच्या आत स्त्रियांचे तीन मोठे अंतिम सामने झाले. तिन्ही रविवारी झाले. आणि तिन्ही दिवशी भारताच्या पुरुषांच्या क्रिकेट संघाचा सामना होता.

पहिला रविवार ६ फेब्रुवारी २०२२ चा. आशियाई महिला फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना. मध्यंतराला दक्षिण कोरिया २–० ने पुढे होता; उत्तरार्धात चीनने बरोबरी साधली आणि भरपाईच्या वेळेत तिसरा गोल करून ३–२ असा चषक नेला. असा सामना पाहावयास मिळणे हे भाग्य. परंतु त्या दिवशी अहमदाबादला भारत आणि वेस्ट इंडीज यांचा एकदिवसीय सामना होता. आणि त्याहून मोठे म्हणजे त्याच सकाळी लता मंगेशकर गेल्या होत्या. संध्याकाळी सारा महाराष्ट्र शिवाजी पार्ककडे डोळे लावून होता. दुःखाच्या त्या दिवसाचा दोष कोणत्याच वेळापत्रकाला देता येणार नाही.

दुसरा रविवार ३० ऑक्टोबर २०२२ चा. सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात स्पेनने कोलंबियाला १–० असे हरविले. त्याच दिवशी दुपारी साडेचारला पर्थ येथे भारत आणि दक्षिण आफ्रिका यांचा ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषकातील सामना सुरू झाला. मुलींचा अंतिम सामना रात्री होता. पण तिसऱ्या क्रमांकासाठीची नायजेरिया आणि जर्मनी यांची लढत नेमकी क्रिकेटच्या वेळेत आली. ती ३–३ अशी बरोबरीत सुटून पेनल्टीवर गेली. जगातील उत्तम मुली मुंबईच्या दारात येऊन सहा गोलांचा सामना खेळल्या, आणि मुंबईचे लक्ष पर्थकडे होते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. या दोन्ही अंतिम सामन्यांत भारत नव्हता. आशियाई स्पर्धेत साथीमुळे पुरेशा खेळाडू उभ्या करता न आल्याने आपल्या संघाला माघार घ्यावी लागली होती. सतरा वर्षांखालील मुली पहिल्या फेरीतील तिन्ही सामने हरल्या होत्या. आपला संघ नसताना प्रेक्षक ओसरतो, हे कोणत्याही खेळात घडते. सगळा ठपका वारावर ठेवणे न्यायाचे होणार नाही.

म्हणूनच तिसरा रविवार महत्त्वाचा. २ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच मैदानावर महिलांच्या एकदिवसीय क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना होता, आणि या वेळी भारत होता. सामना दुपारी तीनला सुरू व्हावयाचा होता. तिकडे होबार्टला भारताच्या पुरुषांचा ऑस्ट्रेलियाशी ट्वेंटी-ट्वेंटी सामना पावणेदोनला सुरू झालेला. म्हणजे पुन्हा तेच! परंतु नवी मुंबईत पाऊस आला, आणि महिलांचा सामना पाच वाजता सुरू झाला; तोवर होबार्टचा सामना संपत आला होता. जे आखणाऱ्यांनी केले नाही ते पावसाने केले. मैदान भरले होते. भारताने ५२ धावांनी विश्वचषक जिंकला. शेफाली वर्माच्या ८७ धावा आणि दीप्ती शर्माचे पाच बळी आता पोराटोरांना ठाऊक आहेत. आणि त्या संघातील क्रांती गौड ही आमच्याच मध्य प्रदेशातील छतरपूर जिल्ह्याची, हे भोपाळकर कौतुकाने सांगतात.

आता असे का होते, याचा विचार करू. कोणी दुष्टपणे ही तारीख निवडतो, असे मला वाटत नाही. रविवार सर्वांनाच हवा असतो, कारण त्या दिवशी लोक घरी असतात. पुरुषांची स्पर्धा एक संस्था आखते, स्त्रियांची दुसरी. दूरचित्रवाणीच्या कंपन्यांची गणिते तिसरीच. प्रत्येकजण आपला कागद पाहतो. परंतु पुरुषांच्या मोठ्या सामन्याची तारीख लागली की इतर सारे आपसूक बाजूला सरकतात, आणि स्त्रियांच्या सामन्याची तारीख लागली तर कोणी सरकत नाही. यात द्वेष नाही. नुसते विसरणे आहे. माझ्या त्या फळ्यावरच्या कागदातही द्वेष नव्हता.

मग उपाय कोणता? एक उपाय क्रिकेटने करून पाहिला. २००९ पासून २०१६ पर्यंत ट्वेंटी-ट्वेंटीच्या पाच विश्वचषकांत स्त्री-पुरुषांचे अंतिम सामने एकाच दिवशी, एकाच मैदानावर, एकामागून एक ठेवले गेले. ३ एप्रिल २०१६ रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर दुपारी वेस्ट इंडीजच्या स्त्रिया जिंकल्या आणि रात्री त्यांचेच पुरुष जिंकले. या पद्धतीत लाभ आहे: कॅमेरे तेथेच असतात, पंच असतात, लवकर आलेला प्रेक्षक नवा खेळ पाहतो. नव्या रोपाला मोठ्या झाडाच्या सावलीचा आधार होतो. परंतु सावलीत रोप फार दिवस वाढत नाही. दुपारचा सामना रात्रीच्या सामन्याची प्रस्तावना ठरतो, आणि प्रस्तावना पुष्कळ वाचक गाळतात. २०१८ पासून स्त्रियांची स्पर्धा वेगळी झाली. ८ मार्च २०२० रोजी मेलबर्नला तिच्या अंतिम सामन्याला ८६,१७४ प्रेक्षक होते. त्या संध्याकाळी मागून येणारा पुरुषांचा सामना नव्हता. लोक त्यांच्यासाठीच आले होते.

सरकून जागा देण्याचे एक उदाहरण मला, रविवारी मिस्साला जाणाऱ्या माणसाला, विशेष आवडले. २० ऑगस्ट २०२३ रोजी सिडनीला महिला विश्वचषकाचा अंतिम सामना स्पेन आणि इंग्लंड यांच्यात झाला. इंग्लंडमध्ये तेव्हा रविवारचे सकाळचे अकरा वाजत होते. म्हणजे नेमकी उपासनेची वेळ. चर्च ऑफ इंग्लंडच्या क्रीडाविषयक बिशप लिबी लेन यांनी सांगितले की, ज्यांना सामना थेट पाहावयाचा असेल त्यांनी तो पाहण्यास हरकत नाही, उपासना निरनिराळ्या वेळांना असतात. इंग्लंड १–० असे हरले. पण देवळाने खेळासाठी वाट मोकळी केली, ही गोष्ट राहिली. देवळाला जे जमले ते क्रीडासंस्थांना जमू नये, असे नाही.

आमच्या स्पर्धेचे वेळापत्रक पुढील वर्षी पुन्हा माझ्याकडे आले. मी मुलांचा अंतिम सामना शनिवारी ठेवला आणि मुलींचा रविवारी चार वाजता, मोठ्या मैदानावर. बक्षीस समारंभ दोघांचा मिळून रविवारीच, मुलींच्या सामन्यानंतर. एक-दोन सहकाऱ्यांनी नापसंती दाखविली. पाहुण्यांना काही फरक पडला नाही. मुले आदल्या दिवशीची बक्षिसे घ्यावयास आली ती सामना पाहत बसली, आणि मध्यंतरानंतर तीही ओरडू लागली. दोन्ही रेषापंच शेवटपर्यंत जागेवर होते.

मला तो प्रश्न विचारणारी गोलरक्षक मात्र तोवर शाळेतून बाहेर पडली होती. तिच्या वाट्याची ती संध्याकाळ तिला परत देता येत नाही. वेळापत्रक आखणाऱ्यांनी तारीख लिहिण्याआधी हे एकदा मनात आणावे, एवढेच मला सांगावयाचे होते.